ज्येष्ठांच्या नावावर रस्ता मागू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उन्हाळी पर्यटन पुरवणीतल्या हिमाचलच्या लेखावर एका वाचकांचं पत्र आपण छापलंत. ते कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्यात जाऊन आले. गुशैणी गावापुढे राष्ट्रीय उद्यानाच्या वाटेवर गाडी जात नाही असं कळल्यावर पुलावर फोटो काढून ते परत फिरले. आता त्यांची मागणी अशी, की ‘ज्येष्ठ नागरिकांच्या सोयीसाठी’ ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या दारापर्यंत, जमल्यास आत रोलापर्यंत, पक्का रस्ता व्हावा. निदान बॅटरीच्या गाड्या तरी सुरू व्हाव्यात. पत्राखाली त्यांनी आपलं वय लिहिलं होतं. मीही लिहिते : ६८. उजव्या गुडघ्याचा सांधा बदललेला आहे, डाव्याची पाळी यायची आहे. ती वाट मी चालले आहे. सोबत माझ्या वन्सं होत्या, त्या माझ्याहून मोठ्या. तेव्हा ज्येष्ठांच्या वतीने बोलायचा त्यांचा जेवढा अधिकार तेवढाच माझाही, आणि माझं म्हणणं त्यांच्या अगदी उलट आहे.

आधी वाट कशी आहे ते सांगते, कारण पत्रात तिला ‘दुर्गम’ म्हटलं होतं आणि ते वाचून माझ्या वयाच्या पुष्कळ जणांनी हाय खाल्ली असेल. गुशैणीला तीर्थन आणि फलाचन या दोन नद्या मिळतात. गावाची उंची साधारण १६०० मीटर. म्हणजे चालायला सुरुवात करतो तिथेच आपण जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर असतो. रोला ही उद्यानाच्या हद्दीतली पहिली मुक्कामाची जागा, २१०० मीटरच्या आसपास. सिमल्यापेक्षा थोडी कमीच. विरळ हवेचा त्रास वगैरे तिथे होत नाही. मधलं अंतर सुमारे १० किलोमीटर. सिंहगडावर आतकरवाडीतून चढताना एवढीच उंची तीनेक किलोमीटरांत गाठावी लागते, आणि तिथे दर रविवारी सत्तरीचे आजोबा ताकाच्या ओढीने चढत असतात. इथे तोच चढ दहा किलोमीटरभर पसरलेला आहे. पायवाट रुंद आहे, बरीचशी दगड बसवून बांधलेली. खेचरं त्यावरून सामान नेतात, शाळेची पोरं पळत जातात. वन्सं अर्ध्या वाटेत म्हणाल्या, ‘वहिनी, जोतिबाच्या पायऱ्यांपेक्षा हे बरं की हो.’

नदी बहुतेक सगळा वेळ सोबत असते. कधी अगदी पायाशी, कधी वीस-पंचवीस हात खाली, पण आवाज सुटत नाही. पाणी इतकं नितळ, की तळाचे दगड एकेक वेगळे दिसतात; खोल डोहात तेच पाणी हिरवट निळं होतं. वाट आधी वस्त्यांमधून जाते. अक्रोड, जर्दाळू, सफरचंदाच्या लहान लहान बागा, घरांच्या गच्चीवर वाळत घातलेलं काहीबाही. जुनी घरं लाकूड-दगडाची. देवदाराची तुळई, तिच्यावर दगडांचा थर, पुन्हा तुळई, असं रचत नेलेलं. मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. काठकुणी म्हणतात या बांधणीला. भूकंपात ती हलते पण पडत नाही, म्हणून तर टिकली. खालचा मजला गुरांचा, वरचे माणसांचे, छपरावर पाटीच्या दगडाच्या लाद्या. आता नव्या घरांवर रंगीत पत्रे येऊ लागलेत. त्याबद्दल नाक मुरडायचा हक्क मला नाही, मिरजेत आमच्याही वाड्यावर पत्राच आहे.

वस्ती संपली की झाडी दाट होते. नदीच्या ओलीला कोश नावाचं झाड, त्याच्या वर कैल म्हणजे निळसर पाइन, मग देवदार. मे महिन्यात गेलात तर खनोर फुललेला असतो. मोठी पसरट झाडं, हाताच्या पंजासारखी पानं आणि फांदीफांदीवर पांढरे उभे तुरे. त्याच्या बिया कडू, पण तिथल्या बायका त्या दळून, पीठ पुन्हा पुन्हा वाहत्या पाण्यात धुऊन कडूपणा काढत आणि टंचाईच्या दिवसांत त्याचंच खाणं करत. आम्हाला हे सांगितलं ते पाठीवर गवताने भरलेला किल्टा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी. किल्टा म्हणजे वर रुंद, खाली निमुळती अशी पाठीवरची टोपली. अंगाला पट्टू, डोक्याला धाटू, आणि वय विचारलं तर वन्संच्याच बरोबरीचं. तो किल्टा घेऊन त्या आमच्या पुढे निघून गेल्या. ज्येष्ठांची सोय हा विषय निघाला आहे म्हणून हे मुद्दाम सांगते.

पक्षी मला फारसे ओळखता येत नाहीत, पण एकाने मान वळवायला लावली. पहाटे नदीच्या खळाळावर मात करून कोणीतरी माणसासारखी लांब शीळ घालत होतं. वाटाड्या मुलगा म्हणाला, कस्तुरा. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्याकाठी जो शीळ घालतो त्याचा हा हिमालयातला चुलतभाऊ. आपला भुरकट काळा, कपाळावर निळा पट्टा. तिथला सगळाच जांभळट निळा, चोच पिवळी. शिवाय दगडांवर बसून शेपटी सतत वरखाली करणारे पांढऱ्या टोपीचे थिरथिरे, आणि पाण्यात चक्क बुडी मारून तळाशी चालणारा एक तपकिरी पक्षी. तो पाहायला वन्सं एका दगडावर बसल्या त्या उठेचनात. मोनाल आणि जुजुराणा हे उद्यानातले मानाचे पक्षी, पण ते वर, दाट जंगलात. जुजुराणा हिमाचलचा राज्यपक्षी आहे. जगात त्याची संख्या फार थोडी उरली आहे आणि हे उद्यान त्याच्या शेवटच्या चांगल्या घरांपैकी एक. नदीकाठच्या वाटेवर तो दिसेल अशी आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका.

आता मुद्द्यावर येते. ही वाट ‘तशीच राहिली’ असं पत्रात म्हटलं होतं, जणू सरकारचं लक्ष गेलं नाही म्हणून. तसं नाही. ती राखली गेली आहे, आणि तिची किंमत तिथल्या लोकांनी मोजली आहे.

उद्यानाचा पहिला हेतू जाहीर झाला १९८४ साली, अंतिम अधिसूचना निघाली १९९९ मध्ये, आणि २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं. क्षेत्र साडेसातशे चौरस किलोमीटरच्या थोडं वर. शेजारची सैंज आणि तीर्थन अभयारण्यं धरून नऊशेच्या पुढे. हे आकडे पुरवणीतही होते. पुरवणीत नव्हतं ते असं, की १९९९ पूर्वी या जंगलावर आणि त्याच्या वरच्या कुरणांवर आजूबाजूच्या गावांचं पोट होतं. उन्हाळ्यात मेंढ्या वर नेत. त्या कुरणांना तिथे थाच म्हणतात. कडू, हातपंजा, धूप अशा औषधी मुळ्या खणत, वसंतात गुच्छी नावाची अळंबी गोळा करत, आणि ती व्यापाऱ्याला विकून वर्षभराचं मीठ-तेल भागवत. अधिसूचना निघाली आणि उद्यानाच्या हद्दीत हे सगळं बंद झालं. नुकसानभरपाई मिळाली ती इंग्रजांच्या काळातल्या वनजमाबंदीत ज्यांच्या पूर्वजांचे हक्क नोंदले होते त्यांना. ज्यांचं नाव त्या कागदावर नव्हतं पण ज्यांच्या मेंढ्या तितक्याच वर्षांपासून त्या थाचवर चरत होत्या, त्यांच्या हाती काही आलं नाही.

आमचा वाटाड्या अशाच घरातला. त्याचे आजोबा मेंढ्या घेऊन वर जात. तो मेंढ्यांच्या वाटेने आता आमच्यासारख्यांना नेतो. सुरुवातीच्या काळात गावांत फार राग होता, हे त्याने लपवलं नाही. पुढे वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून काही वाटा काढल्या. बायकांचे बचत गट झाले, गांडूळखत, जर्दाळूच्या बियांचं तेल, विणकाम असं सुरू झालं. गावच्या पोरांना वाटाड्या, स्वयंपाकी, हमाल म्हणून काम मिळेल अशी व्यवस्था बसली. बचत गट म्हटल्यावर वन्संनी कान टवकारले, त्या आमच्या गल्लीतल्या गटाच्या खजिनदार. संध्याकाळी चुलीपाशी त्यांनी त्या मुलाला व्याजाचा दर, कर्जफेड, मीटिंगला कोण येत नाही, असं सगळं विचारून घेतलं. हिशेब दोन्हीकडे सारखाच अडतो म्हणे.

हे सगळं भरून निघालं असं मी म्हणणार नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातच चांदोली आहे. तेही राष्ट्रीय उद्यान, तेही पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली वारसा यादीत गेलेलं, आणि तिथून उठलेल्या गावांचे प्रश्न काय असतात ते मी टपाल खात्याच्या खिडकीत बसून ऐकलं आहे. नव्या वसाहतीचा पत्ता धड नाही म्हणून परत येणारी पत्रं माझ्या हातून गेली आहेत. पण एवढं मात्र खरं, की आज गुशैणीच्या वरच्या गावांना पर्यटनातून जो पैसा मिळतो तो तुम्ही चालता म्हणून मिळतो. चालायचं म्हटलं की वाटाड्या लागतो, सामानाला माणूस लागतो, मुक्काम पडतो, दोन वेळचं जेवण होतं. रस्ता झाला की कुलूची किंवा चंदीगडची टॅक्सी थेट दाराशी येईल, अर्धा तास थांबेल, पाण्यात पाय बुडवून फोटो होतील, आणि अंधार पडायच्या आत माणसं मनालीच्या हॉटेलात. गावाच्या वाट्याला येईल तो चिप्सच्या पाकिटांचा ढीग.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. जवळच जलोडी खिंड आहे, ३१०० मीटरच्या वर. तिथे महामार्गच जातो. तिथून सेरोलसर तलावापर्यंत पाचेक किलोमीटरची वाट आहे. खरसू ओकचं जुनं जंगल, शेवाळलेले बुंधे, चढ अगदी सौम्य. उंचीमुळे धाप लागते तेवढीच. तलावाकाठी बूढी नागिन देवीचं ठाणं. घरच्या गाईचं तूप तिला वाहतात. पाण्यात पान पडलं की एक लहान पाखरू ते उचलून नेतं, अशी तिथल्यांची श्रद्धा आहे. फार सुंदर वाट. पण खिंडीपर्यंत गाडी येते, त्यामुळे हंगामात तिथे काय असतं? दोन्ही बाजूंना तासन्‌तास अडकलेल्या गाड्या, मॅगीचे ठेले, हॉर्न, आणि जंगलाच्या पहिल्या किलोमीटरात कोणाच्या ना कोणाच्या हातातल्या डब्यावर वाजणारी गाणी. त्या पाखराने पानं उचलायची की पाकिटं? जलोडीचा रस्ता पलीकडच्या मुलखाला जोडणारा आहे, तो हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त ज्यांना गाडीतूनच हिमालय पाहायचा आहे त्यांच्यासाठी तो आधीच आहे. मनालीच्या महामार्गावरच्या औटहून लारजी, बंजार, गुशैणी हा रस्ताही बहुतेक नदीच्या काठानेच येतो. ज्यांना खरोखरच चालता येत नाही त्यांना नागिणी गावात किंवा गुशैणीला नदीकाठी खुर्ची टाकून दिवसभर बसता येतं. बसावं. मीही एक अख्खा दिवस तशी बसले. उरलेल्या दहा किलोमीटरांवरही चाकं फिरलीच पाहिजेत हा हट्ट कशासाठी?

डोंगरात रस्ता काढणं म्हणजे आपल्या माळावर मुरूम टाकणं नव्हे. उतार कापायचा, निघालेली माती-दगड खाली ढकलायचे. खाली असते नदी. तीर्थनमध्ये ट्राउट मासा आहे, इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला कुलूच्या नद्यांत सोडलेला. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याखेरीज तो जगत नाही. थंडीच्या तोंडावर तो तळाच्या वाळूगोट्यांत अंडी घालतो, आणि वरून गाळ बसला की अंड्यांना प्राणवायू मिळत नाही, ती मरतात. म्हणून तर हिवाळ्यात तिथे मासेमारीला बंदी असते. गळ टाकायला परवाना काढून येणाऱ्या लोकांवर या खोऱ्यातली कितीतरी घरं चालतात. आम्ही दोघी माळकरी, मासा पाहिला तो पाण्यातच. पण ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

आणि नदी मोकळी वाहते हेही आपोआप झालेलं नाही. शेजारचं सैंज खोरं पाहा. तिथे पार्वती प्रकल्पाचा तिसरा टप्पा आहे ५२० मेगावॉटचा, सैंज प्रकल्प आहे १०० मेगावॉटचा. खाली लारजीला ब्यासवर धरण आहे, औटच्या बोगद्यापाशी त्याचा हिरवा, थिजलेला जलाशय दिसतो. तीर्थनवरही असे प्रकल्प येऊ घातले होते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि त्यांच्याबरोबर खोऱ्यातले लोक त्याविरुद्ध उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तीर्थन जलविद्युत प्रकल्पांतून वाचली. आमदारकी भोगून झालेल्या माणसाने उतारवयात धरण आणायला नव्हे, अडवायला कागद रंगवावेत, हे मला तरी अप्रूपाचं वाटलं. वीज मलाही लागते. आमच्याकडची कोयनेची, आणि कोयनेने उठवलेली माणसं अजून पुनर्वसनासाठी धरणं धरून बसतात हे आपल्याच पानांत छापून येतं. सगळ्या नद्या मोकळ्या ठेवा असं मी म्हणत नाही. एक ठेवली आहे, तर तिच्या काठाने आता माझ्या गुडघ्याच्या निमित्ताने सुरुंग लावू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या कोणी लिहील की बाई सुखवस्तू, मजेखातर चालायला जातात आणि गावकऱ्यांना मागास ठेवायला निघाल्या. वरच्या वाड्या-वस्त्यांतल्या माणसांना दवाखान्यासाठी, शाळेसाठी, सफरचंदाच्या पेट्या खाली आणण्यासाठी रस्ता हवा असेल तर तो त्यांचा प्रश्न आणि त्यांचा हक्क. पाठीवर आजारी माणूस बांधून न्यायचं दुःख त्यांना ठाऊक आहे, मला नाही. कुठून, केवढा, कसा, हे ग्रामसभेत बसून त्यांनी ठरवावं. परंतु त्या पत्रात गावकऱ्यांचा उल्लेखही नव्हता. रस्ता मागितला होता तो मिरज-पुण्याहून येणाऱ्या माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी. पाहुण्याने घराची भिंत पाडायला सांगू नये.

वाटेत आम्हाला एक ग्रामीण डाकसेवक भेटला. पाठीवर पिशवी, पायात प्लास्टिकचे बूट. मी टपालातली आहे म्हटल्यावर थांबला, हात जोडले, ‘तो आप हमारे ही हैं’ म्हणाला. पत्रं कमी झालीत, पेन्शनचे पैसे आणि पार्सलं वाढलीत, वरच्या घरांतल्या म्हाताऱ्या पैशापेक्षा गप्पांसाठी वाट पाहतात, असं सांगत पुलापर्यंत आमच्या चालीने आला. त्याची चाल आमच्या तिप्पट असणार. टपालाचा विषय निघाला की मी वाहवते, क्षमस्व.

आता ज्येष्ठांसाठी खरं काय करता येईल ते. रस्ता सोडून पुष्कळ आहे, आणि त्यातलं काही आपल्या वृत्तपत्राच्याच हातात आहे. पुरवणीत ‘सोपा ट्रेक’ असं लिहून मोकळं होऊ नका. ते लिहिणारा पंचविशीचा असतो, त्याला सगळंच सोपं. अंतर किती, चढ किती, पायऱ्या आहेत का, उतरताना पाय घसरेल असा भाग कुठे, बसायला कट्टा कुठे, शौचालय कुठे, हे छापा. बायकांना तर शौचालयाची माहिती देवळाच्या माहितीआधी हवी असते, आणि ती कोणीच छापत नाही. या वाटेवर शेवटची सोय गावातच, पुढे आडोसा. माहीत असलं की माणूस तयारीने निघतो.

आम्ही केलं ते सांगते. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीची मनालीची बस. औटला बोगद्याच्या अलीकडे पहाटे उतरायचं, मग बंजार आणि गुशैणीची लोकल बस. ती रखडते, खिडकीतून नदी दिसते म्हणून कोणी कुरकुरत नाही. लगेच चालायला निघायचं नाही, शरीराला एक दिवस द्यायचा. उद्यानात शिरायला परवाना लागतो, तो गुशैणीच्या अलीकडे साईरोपाला वनखात्याच्या केंद्रात मिळतो. तिथे उद्यानाची माहिती देणारं छोटं दालनही आहे, ते पाहूनच पुढे जावं. वाटाड्या गावातलाच घ्यावा. सामान त्याच्या माणसाकडे द्यावं आणि त्यात लाज वाटून घेऊ नये. दोन काठ्या घ्याव्यात, एक नव्हे. चढताना फुप्फुसं बोलतात, उतरताना गुडघे. पण इथला उतार एवढा हळू आहे की परतीला माझा बदललेला सांधा माझ्या स्वतःच्या सांध्यापेक्षा शहाण्यासारखा वागला. रोलाला तंबूत एक रात्र राहिलं की जाणं-येणं एका दिवसात रेटावं लागत नाही. दहाही किलोमीटर गेलंच पाहिजे असंही नाही. चार गेलात, नदीकाठी पराठे खाल्लेत आणि परत आलात तरी कोणी पावती मागत नाही.

आपल्याकडच्या मंडळींचं तेवढं अवघड जातं. महाबळेश्वरने आपल्याला पॉइंटची सवय लावून ठेवली आहे. समोरून एक मराठी कुटुंब येत होतं, त्यांनी अगदी आस्थेने विचारलं, ‘काकू, पुढे बघण्यासारखं काय आहे?’ वन्संनी चारही दिशांना काठी फिरवली. ते बिचारे थोडा वेळ काठीच्या टोकाकडे बघत राहिले. सापडेल त्यांनाही कधीतरी.

जेवणाचंही सांगून टाकते, कारण आपली माणसं त्यावाचून निघत नाहीत. वरण-भात-चपाती सगळीकडे मिळते, पण सिड्डू खा. गव्हाचं पीठ आंबवून, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवतात, वर साजूक तुपाची धार. उन्हाळ्याच्या तोंडावर लिंगडीची भाजी मिळते, कोवळ्या नेच्याच्या गुंडाळलेल्या देठांची. वन्संनी कृती लिहून आणली आहे, लिंगडी मिरजेत मिळत नाही हा भाग वेगळा.

एप्रिल ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत जावं. पावसाळ्यात मुळीच नको. जुलै २०२३ मध्ये कुलू जिल्ह्यात नद्यांनी काय केलं ते दूरचित्रवाणीवर आपण सर्वांनी पाहिलं. वाहून गेले ते रस्ते बहुतेक नदीच्या पात्राशी सलगी करून बांधलेले होते, हे पत्रलेखक महोदयांनी ध्यानात घ्यावं. पायवाटही वाहून जाते, पण ती गावकरी दगड रचून पुन्हा उभी करू शकतात. तिला निविदा लागत नाही.

पत्रलेखकांबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांनी लिहिलं आहे की त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, पण सकाळी बागेत ते तासभर फिरतात. तासभर बागेत फिरणाऱ्या माणसाला गुशैणीहून दीड तास पुढे आणि दीड तास मागे सहज जमेल, डॉक्टरांना विचारून. पुढच्या मोसमात त्यांनी पुन्हा जावं. त्यांच्या पत्नींचाही उल्लेख होता, त्या गाडीतच बसून राहिल्या म्हणून. त्यांना आधी विचारावं; बहुधा त्या यांच्या पुढे चालतील.

पत्र लांबलं आहे, हे मला कळतं. आपल्याला जागेअभावी कापावं लागलं तर गुडघ्याचा, सिड्डूचा आणि डाकसेवकाचा मजकूर खुशाल कापा. थाचवरच्या मेंढ्यांचा आणि दिलेराम शबाब यांचा परिच्छेद मात्र राहू द्यावा, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
निवृत्त टपाल कर्मचारी, मिरज